चुंबळीखालची आग

मनकर्णेच्या डोक्यावरून वाफ निघाली तेव्हा गर्दीतलं एकही माणूस ओरडलं नाही. पुसाच्या महिन्यातली सकाळ होती. तळ्यावर धुकं बसलेलं होतं आणि मोहबोडीचं सगळं गाव पाळीवर, तळ्याच्या बांधावर, घोंगड्या गुंडाळून उभं होतं. बाई पाटावर बसली होती. तिच्या डोक्यावर भगव्या फडक्याची चुंबळ आणि चुंबळीवर तांब्याचा गडू. सुनेनं तळ्याचं थंडगार पाणी गडूत ओतलं. गडू भरला, पाणी काठावरून चुंबळीवर ओघळलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक पांढरी रेघ वर आली आणि पाठोपाठ चुंबळीच्या चहूबाजूंनी फसफसत वाफ निघाली. बाईचा चेहरा तिच्यात नाहीसा झाला. पाटावर नुसतं धड बसल्यासारखं दिसत होतं.

"देखो! अपनी आँखों से देखो!" अंगारनाथ महाराजांनी चिमटा आपटला. "या बाईचं रगत बाहेर पडत नाही. अंदरच उबलून राह्यलं. त्या आगीवर भानामती आपली चूल मांडून बैठी है! डॉक्टरला ही आग दिसत नाही. थर्मामीटर लावला तर पारा घाबरून खाली बसतो. बारा साल हिमालय की बर्फ में बैठा, तब ये नजर मिली."

हिमालयाच्या बर्फात बारा वर्षं बसलेला हा माणूस मोहबोडीच्या थंडीत दोन घोंगड्या पांघरून होता. पण हे त्या वेळी बोलून दाखवायची सोय नव्हती.

"लेकरू कोणी खाल्लं?" महाराजांनी विचारलं.

गर्दी सुनेकडे पाहू लागली.

"या आगीनं खाल्लं. सुनेच्या पोटात दुसरं आहे. तेही ही आग मागते. सोमवारी कोहळा कापतो. मग या बाईनं शीव ओलांडायची. एकटीनं. मागे वळून पाहायचं नाही, पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही."

सुनेच्या हातातली घागर खाली पडली. तिनं दोन्ही हात पोटावर धरले आणि सासूपासून मागे सरकली. वाफ ओसरली तसा मनकर्णेचा चेहरा पुन्हा दिसू लागला. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

१९५८ सालची ही गोष्ट. मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. धानाची आवक पाहायला आरमोरीच्या बाजारात आलो होतो. 'मोहबोडीत बाईच्या डोक्स्यावर पानी उकळते' असं तिथं ऐकलं आणि सायकल काढली. वाफ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. गडूत कोणी विस्तव टाकलेला नव्हता आणि पाणी माझ्यासमोर तळ्यातून भरलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसताना बातमी पाठवली, तर ती महाराजांचीच जाहिरात झाली असती. म्हणून मी इस्तारीच्या घरी गेलो.

इस्तारी मनकर्णेचा नवरा. तळ्यात मासे धरायचे आणि उन्हाळ्यात तळं आटलं की शिंपल्या गोळा करून त्यांचा चुना भाजायचा, हा त्याचा धंदा. मुलगा बल्लारशाला कामाला होता. घरी हे दोघं आणि सून गोकुळा. मी गेलो तेव्हा गोकुळा आतून कडी लावून बसली होती. मनकर्णा बाहेर छपरीत उघड्यावर बसली होती, पाय पाण्याच्या घमेल्यात. मला अंगावर कोट असून हुडहुडी भरत होती.

"बसा भाऊ," ती म्हणाली. मग एकाएकी थांबली. "आता येते. पाहा."

मी पाहिलं. तिच्या छातीवरून एक लाली मानेवर चढली, मानेवरून गालांवर. कपाळावर घामाचे थेंब फुटले. तिनं खांब घट्ट धरला. कोणी तरी तिच्या अंगातून चालत जावं आणि तिनं त्याला वाट करून द्यावी, तसं ते दिसत होतं. थोड्या वेळानं लाली उतरली, आणि तीच बाई कुडकुडत घोंगडी मागू लागली.

"असं दिवसातून कितीकदा होते," इस्तारी हळू आवाजात म्हणाला. "अंगाले हात लावा तं ताप नाई. रातभर झोप नाई. पयले अशी नव्हती भाऊ. गान्याबिगर सैपाक नव्हता हिचा."

"सून बोलली का डोस्क्यात सनक जाते," मनकर्णा म्हणाली. "मंग मलेच रडू येते. मले बी वाटते, माह्या अंगात कोनी हाय."

"आणि पहाटे तळ्यात उभ्या असता, असं गाव म्हणतं ते?"

"मी नाई जात. पर वारलू कोतवाल खोटं काऊन बोलन? झोपेत जात असन."

"झोप तं येत नाई तुले," इस्तारी म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती घमेल्यातल्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "लेकराचं अंग तापलं तवा मीच त्याले छातीशी धरून बसली होती, भाऊ. सोडलंच नाई. माह्याच अंगाची आग त्याले लागली असन का?"

दाराआड बांगड्या वाजल्या. गोकुळा ऐकत होती.

गावाचा हिशेब असा होता. पाळी आलेल्या बाईनं घराबाहेर छपरीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, ही इथली रीत. छपरी रस्त्याला लागून, म्हणजे कोण कधी बसली हे सगळ्या वस्तीला ठाऊक. मनकर्णा गेल्या वर्षी कधी महिन्यात दोनदा बसली, मग कित्येक महिने बसलीच नाही. बायका म्हणाल्या, दिवस गेले असतील या वयात. पोट दिसेना. मग म्हणाल्या, गर्भ पोटातच जिरवला. त्याच सुमारास गोकुळाचं पहिलं लेकरू आठवड्याचं होऊन गेलं. दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या आणि गावानं त्यांना एका दोरीत बांधलं. दोरीला गाठ मारायला मग अंगारनाथ आले.

पण सगळ्यात पक्का पुरावा गावचा कोतवाल वारलू याचा होता. तो मला पाळीवर घेऊन गेला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून दबक्या आवाजात बोलला, जणू तळं ऐकत होतं.

"पाहाटे जागल आटपून येत होतो. धुकं असं, का आपला हात दिसेना. थ्या तिकडच्या घाटावर पान्यात बाई उभी. गळ्याएवढी. नुसतं मुंडकं धुक्यावर. एवढ्या थंडीत मानूस मरते, भाऊ! मी म्हनलं, मनकर्णाच असन. अन् धावलो तिच्या घरी. आडव्या वाटेनं. पाहतो तं मनकर्णा आंगनात बसून. लुगडं कोरडं. केस कोरडे. घाटावरून घरी याले हेच एक जवळची वाट, अन् त्या वाटेनं मी होतो."

"तुला काय वाटतं?"

"वाटाचं काय हाय? एक मनकर्णा घरी, एक तळ्यात." त्यानं घाटाकडे पाठ फिरवली. "तवापासून मी त्या घाटानं येत नाई."

निघताना इस्तारीनं मला शिवेपर्यंत सोबत केली. शिवेवर शेंदूर लावलेला दगड होता. त्यापुढे मोह, सागवान आणि बांबू, आरपार जंगल. तो दगडापाशी थांबला. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. एक सांगा. शीव ओलांडली का बाई कुठी जाते? कोन्या गावात तिले घेते?" उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शिवेबाहेर काढलेल्या बाया उन्हाळ्यात सापडायच्या, मोहफुलं वेचणाऱ्यांना. "मी संगं जातो म्हनलं," तो म्हणाला, "तं महाराज म्हनते, एकटीच."

आरमोरीच्या दवाखान्यात डॉक्टर कुंता नाकाडे यांची खिडकी सताड उघडी होती. कंपाउंडर गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात आखडून बसला होता आणि बाई पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालत होत्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, आरमोरीतच वाढलेल्या, नागपूरला शिकून परत आलेल्या. मी सगळं सांगितलं. मी संपवल्यावर त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"मला कोणत्या शिवेबाहेर काढता?"

"म्हणजे?"

"ही आग माझ्या अंगात वर्षभरापासून आहे. आत्ता तुमच्यासमोर येऊन गेली. तुम्ही खिडकीकडे पाहत होतात." त्या कोरडं हसल्या. "पाळी जायच्या वयात बाईच्या अंगातली एक व्यवस्था बदलते. ती बदलताना अंगाचा ऊन-गारव्याचा अंदाज चुकतो. अंग उगाच समजतं की फार तापलं. मग रक्त कातडीकडे धावतं, घाम येतो, छाती धडधडते. झोप उडते. झोप उडाली की राग येतो, रडू येतं. पाळीचं रक्त आत साठतबिठत नाही. ते तयारच व्हायचं थांबतं. निम्म्या बायकांना तरी हे होतं. बोलत कोणी नाही."

"पण वाफ?"

"वाफ माझ्या डोक्यातून अजून निघालेली नाही. या कंपाउंडरला रोज तशी आशा असते." कंपाउंडरनं मफलर वर ओढला. "मला सांगा, वाफ डोक्यातून निघाली की चुंबळीतून?"

मी डोळे मिटून आठवलं. "चुंबळीतून."

"तिच्या डोक्यावर काही खूण?"

होती. ती घमेल्यावर वाकली तेव्हा मला दिसली होती. टाळूवर केसांतून फोड आलेले होते, गोल कड्यासारखे. मधली जागा साफ.

"आतली आग चुंबळीच्या मापानं कशी काय भाजते हो?" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "चुंबळ दर वेळी तीच असते?"

"नाही. महाराज दर वेळी नवी आणतात. जुनी लगेच तळ्यात सोडतात."

त्यांनी कंपाउंडरला सांगितलं, "सोमवारची जीप मोहबोडीला."

सोमवारी वैनगंगेपलीकडूनही माणसं आली होती. पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. धुकं अजून उठलं नव्हतं. मनकर्णा पाटावर बसली होती आणि तिच्या शेजारी लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. भाकरी, एक लुगडं, घोंगडी. इस्तारीनं बांधून दिलं होतं. गोकुळा नवं सूप धरून उभी होती. सुपात कोहळा, लिंबं आणि भगवी चुंबळ. पुढे बाजेवर रामाजी पाटील बसले होते. महाराजांचा मुक्काम त्यांच्याच घरी. बायकांच्या घोळक्यात मागे, डोक्यावरून पदर घेतलेली त्यांची बायको वच्छला होती.

डॉक्टरीणबाई सरळ पाटलांपुढे गेल्या. "राम राम, रामाजी भाऊ. आमच्या शास्त्रात नाई असं काही तुमच्या गावात होऊन राह्यलं म्हणे. पाहाले आली."

"या ना बाई," पाटील जरा सावध होत म्हणाले. "पाहा. लपवाचं काय हाय?"

"महाराज, एक विचारू का?"

अंगारनाथ खूष झाले. शिकलेल्या बाईनं चारचौघांत विचारावं, याहून मोठा मान नव्हता. "पूछो माई, पूछो."

"ही आग फक्त या बाईच्याच अंगात? पाणी तापतं ते हिच्याच आगीनं?"

"और किसकी?"

"म्हणजे दुसऱ्या कशावर गडू ठेवला तर पाणी थंडच राहील."

"थंड! बर्फ के माफिक थंड!"

"आता हा कोहळा. हा तापेल का?"

महाराज हसले, लोकांकडे वळले. "माई पढी-लिखी है, मगर भोली है! कोहळा तर जगातली थंड चीज. उन्हाळ्यात लोक पोटाच्या गारव्याला खातात. त्याच्यात कसली भानामती?" गर्दी हसली.

"ऐकलं ना भाऊ सगळ्यांनी?" बाईंनी आवाज चढवला. "ऐकलं ना, पाटील?"

"ऐकलं."

"मग कोहळा तापला नाई तर मी हात जोडून परत जाते. गोकुळा, पोरी, थे चुंबळ कोहळ्यावर ठेव. वर गडू ठेव. अन् ओत पानी."

महाराजांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण हात पुढे आला. "नहीं! चुंबळ मंतरलेली आहे. कोणी शिवायचं नाही."

"हिच्या हातात सकाळपासून सूप आहे. ही तर तुमचीच नेमलेली."

"विधी बिगडेल!"

"कोहळा बर्फासारखा थंड, तुम्हीच म्हणता. मग बिघडेल काय?"

सगळे गोकुळाकडे पाहत होते. तिनं महाराजांकडे पाहिलं, मग पाटावरच्या सासूकडे, मग गाठोड्याकडे. तिला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. ती खाली बसली, कोहळ्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर गडू, आणि घागर तिरपी केली.

पाणी गडूतून वाहिलं. चुंबळ भिजली. क्षणभर काही नाही. मग एक पांढरी रेघ. मग कोहळा वाफेत दिसेनासा झाला.

मग गर्दीतून सोमारी नावाच्या म्हातारीनं विचारलं, "काय वो माय, या कोहळ्याचा बी विटाळ थांबला काय?"

आधी एक जण हसला, मग सगळी पाळ.

"रुको!" महाराज ओरडले. "बाईची आग कोहळ्यात उतरली! यही तो विद्या है!"

"उतरली?" डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. "मग बाई मोकळी झाली. ऊठ मनकर्णाबाई, घरी जा."

"पूरी नहीं उतरी... आधी..."

"अर्धी उतरली तर अर्धी हिच्यात राहिली. पाहू." त्यांनी इस्तारीच्या खांद्यावरचा दुपट्टा घेतला, पिळून चुंबळ केली, मनकर्णेच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः वर पाणी ओतलं. पाणी तिच्या गालांवरून ओघळलं. थंडीनं तिचे दात वाजले. वाफ नाही.

मग बाईंनी जीपमधून कात्री मागवली आणि कोहळ्यावरची भगवी चुंबळ उभी चिरली. आत खाली पळसाच्या पानांचा जाड थर, डोकं लगेच भाजू नये म्हणून. वर पांढरे खडे फुटून पीठ होत होते. अजून धुमसत होते.

इस्तारी पुढे आला. चिमूट उचलली, बोटं पोळली म्हणून झटकली. पुन्हा पाहिलं.

"हा तं शिंपल्यांचा चुना हाय," तो म्हणाला. "न विझवलेला. माह्याच भट्टीचा. यांचा चेला घेऊन गेला होता, धुनीची जागा सारवाची म्हनून." तो बायकोकडे वळला. "आग माह्याच घरची होती वो. पर तुह्या अंगातली नाई."

दर दिवाळीआधी या गावातली प्रत्येक बाई भिंती पोतायला माठात चुना विझवते. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, वाफ येते, लेकरांना दूर हाकलावं लागतं. हे सगळ्यांनी जन्मभर पाहिलं होतं. माठातून उचलून तोच चुना चुंबळीत घातला आणि चुंबळ एका बाईच्या डोक्यावर ठेवली, तर एकालाही ओळखू आला नाही. कारण गडूखाली काय आहे हे कोणी पाहतच नव्हतं. सगळे बाईकडे पाहत होते.

गर्दी महाराजांवर धावली. दोघांनी जटा धरल्या, त्यांतली एक हातात आली. डॉक्टरीणबाई मध्ये उभ्या राहिल्या. "मारू नका! गर्दीनं मारायची सवय लागली की पुढचं माणूस निवडायला वेळ लागत नाही. पाटील, याला आरमोरीच्या ठाण्यावर पाठवा." पाटलांनी खाली मान घालून दोन माणसं नेमली.

खरं तर इथं गोष्ट संपायला हवी होती. पण वारलू जागचा हलला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "चुना खरा. मान्य. पर तळ्यात कोन होती?"

हसू थांबलं.

"मी माह्या डोयानं पाह्यली. चुन्यानं वाफ होते, बाई नाई होत. मनकर्णा घरी होती, अन् मनकर्णाच तळ्यात होती."

लोक एकमेकांच्या जवळ सरकले, भीतीनं सरकतात तसे. धुकं पाळीवर चढत होतं. घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. गोकुळा सासूजवळ आली होती, तिचं एक पाऊल पुन्हा मागे पडलं. मनकर्णेनं ते पाहिलं आणि गाठोड्यावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याही घाटाकडे पाहू लागल्या.

"थे मी होती, वारलू."

आवाज मागून आला. बायका बाजूला झाल्या. वच्छलाबाई पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला होता.

"वच्छला, घरात जा," पाटील म्हणाले.

"नाई जात." ती वारलूकडेच पाहत होती. "धुक्यात मुंडकं पाह्यलं तुनं. तोंड पाह्यलं का? मनकर्णाच कशी दिसली तुले? सारे तिचंच नाव घेत होते म्हनून दिसली."

वारलूनं मुंडासं काढून हातात घेतलं.

"मलेही होते हे. दोन साल झाले. आंग पेटते, झोप नाई. पाहाटे कोनी उठाच्या आंधी तळ्यात जाऊन उभी राह्यते, तवा कुठी जीव थंडा होते."

"पर मालकीनबाई," कोणी तरी बायकांतून म्हणालं, "तुम्ही तं दर महिन्याले बाहेर बसता. परवा बी बसल्या होत्या."

वच्छलाबाईच्या चेहऱ्यावर लाली चढली. ती आतली होती की लाजेची, कळायला मार्ग नव्हता.

"खोटीच बसली," ती म्हणाली. "दोन साल, दर महिन्याले, खोटीच बसली. नाई बसली असती तं तुम्ही मले बी मोजलं असतं." ती मनकर्णेसमोर जाऊन उभी राहिली. "महाराज माह्या घरी जेवत होता. मी वाढत होती. तुह्या शिवेची गोष्ट माह्यासमोर ठरली, मनकर्णा. अन् मी पाट उचलून आत गेली."

मनकर्णा थोडी सरकली. पाटावर जागा केली. वच्छलाबाई तिच्या शेजारी बसली. गावच्या पाटलीणबाई आणि मासे धरणाऱ्या ढिवराची बायको एका पाटावर बसलेल्या मोहबोडीनं तोवर पाहिल्या नव्हत्या.

मग डॉक्टरीणबाईंनी पुरुषांना पाळीखाली उतरवलं. मलाही. पण पाळीवरचं बोलणं खाली ऐकू येतं, आणि त्यांनाही ते ठाऊक असावं.

"कोनाकोनाले होते?" त्यांनी विचारलं. वर जाणाऱ्या हातांतल्या बांगड्या वाजू लागल्या, एकीमागून एक.

"पाहा, हा रोग नाई. वय हाय. काही साल राह्यते, मंग उतरते. पर तोवर रोज जगाचं हाय. चुलीच्या खोलीत झोपू नका. छपरीत बाज टाका, हवा लागन अशी. अंगावर एक जाड घोंगडी नको, दोन पातळ घ्या, म्हंजे एक काढता येते."

"अन् दिवसा?"

"आग चढाले लागली का काम सोडून बसा. ओला कपडा मानेवर घ्या. श्वास हळू घ्या, हळू सोडा. भिऊन धावलं का छाती आनखी धडधडते. सांजच्याला कडक चहा नको, लई तिखट नको. अन् दातांले तंबाखूचा गुडाखू कोन कोन घासते?"

कोणी कबूल झालं नाही.

"सारेच घासता. कमी करा. झोप थेच खाते."

"खावाचं काय मंग?" सोमारीनं विचारलं. "सारंच बंद म्हनता."

"जवसाची चटनी खा, तीळ खा, डाळ खा. इस्तारीच्या जाळ्यातली बारकी मासोळी काट्यासकट खा. या वयात हाडं ठिसूळ होते. रोज चाला, नुसत्या घरात बसू नका. अन् पाळी जाऊन साल झाल्यावर पुन्हा रगत दिसलं, तं मंत्र नाई, महाराज नाई. सरळ माह्याकडे या. थे मात्र साधं नसते."

"यानं आग जाईन?" मनकर्णेनं विचारलं.

"सारी नाई जाईन. मी हे सारं करते, अन् माह्या कंपाउंडरले विचारा, खिडकी अजून उघडीच असते. पर कमी होते. अन् आपल्याले काय होते हे समजलं, का निम्मी भीती जाते."

"मंग माहं लेकरू कशानं गेलं?"

हा आवाज गोकुळाचा होता.

बाई तिच्याकडे वळल्या. "तोंड मिटलं होतं का त्यानं? दूध ओढेना?"

"हो."

"अंग ताठ?"

"धनुष्यावानी."

"नाळ कशानं कापली?"

"विळ्यानं."

"अन् वर काय लावलं?"

"शेन. शेनाची राख. सारेच लावते."

"धनुर्वात, पोरी. थो विळ्यातून येते, शेनातून येते. कोनाच्या अंगातून येत नाई. तुह्या सासूनं त्याले छातीशी धरलं, त्यानं त्याचं काहीच बिघडलं नाई. शेवटी उबेत होतं थे, एवढंच. या वेळी दवाखान्यात ये."

शेण कोणी लावलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मनकर्णेनं तळहात उताणे करून मांडीवर ठेवले होते आणि ती त्या हातांकडे पाहत होती. त्या प्रश्नाचं उत्तर ती जन्मभर बाळगणार, हे मला खालून दिसत होतं. चुना विझतो. काही गोष्टी विझत नाहीत, आणि त्या विझवायला डॉक्टरही येत नाही. फक्त पुढच्या वेळी विळा उकळून घ्यायला सांगता येतं.

त्या रात्री मी शाळेच्या पडवीत झोपलो. पहाटे उठून पाळीवर गेलो. धुकं तसंच होतं. घाटावर पाण्यात दोन डोकी दिसली, धुक्यावर ठेवल्यासारखी, आणि मला सगळं ठाऊक असूनही माझ्या मानेवर काटा उभा राहिला. म्हणून वारलूला मी हसत नाही. माणूस भितो. भिणं हा गुन्हा नाही. भ्यालेल्या डोळ्यांनी जे दिसलं, त्याला त्याच क्षणी कोणाचं तरी नाव देणं, हा गुन्हा आहे.

मी दोन पायऱ्या खाली उतरलो. डोक्यांपैकी एक वच्छलाबाईचं होतं. ती म्हणत होती, "आग आज कमी वेळ राह्यली वो." दुसरी मनकर्णा. पायरीवर गोकुळा बसली होती, मांडीवर दोन कोरडी लुगडी घेऊन. शेजारी घागर आणि साधी, जुन्या लुगड्याची चुंबळ.

"चला ना आत्या आता," ती म्हणाली. "थंडी वाजन."

वाचकहो, तुमच्याही गावात उद्या एखाद्याच्या डोक्यावर पाणी उकळेल. तेव्हा त्या माणसाकडे पाहू नका. गडू उचला. चुंबळ उसवा. आत काय आहे ते हातात घेऊन पाहा. आणि तरीही कोणाला शिवेबाहेर काढावंसं वाटलं, तर आधी आपल्याच घरात विचारा: इथं कोण कोण खोटंच बाहेर बसतं?